सातमाळा ओलांडून बाजारात

आमचं गाव देवळा तालुक्यात, गिरणेच्या खोऱ्यात. गावाच्या दक्षिणेला सातमाळ्याची रांग आडवी पसरली आहे. रांगेच्या आमच्या अंगाला पडलेला पाऊस गिरणेतून तापीला जातो आणि अरबी समुद्राला मिळतो. पलीकडे पडलेला गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या आमच्या बाजूच्या चार तालुक्यांना मिळून कसमादे म्हणतात. कसमादेचा उन्हाळ कांदा टिकाऊ म्हणून नावाजलेला आहे. त्याचा मोठा बाजार मात्र डोंगराच्या पलीकडे, लासलगावला.

लग्न होऊन आले तेव्हापासून चाळीतली, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमधली, निवड माझ्याकडे आणि विक्री आबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, अशी आमच्या घरची वाटणी होती. आता आबांच्या गुडघ्यांना ट्रॉलीवर चढणं झेपत नाही. त्यामुळे २०२५ च्या श्रावणात चाळ फोडली तेव्हा माल घेऊन हे आणि मी निघालो. इतकी वर्षं हातातून गेलेला कांदा पुढे कुठे जातो, कोण घेतो, का घेतो, हे मी पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिलं. ते पाहून एक गोष्ट मनात पक्की झाली. आमच्या मालाचा निम्मा भाव जमीन कुठे उताराला लागली, पाऊस कुठे अडला आणि रूळ कुठून गेले यानेच ठरलेला असतो. आम्ही मेहनत करतो ती उरलेल्या निम्म्यासाठी.

पावसापासूनच सांगते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे सरकत देवळा, मालेगावपर्यंत या, तो पाचशे-सहाशेवर येतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. म्हणून इगतपुरी, पेठ, सुरगाणा हा भाताचा मुलूख झाला आणि आम्ही कांद्याचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उळं, म्हणजे रोपांसाठी बी, टाकायचं, डिसेंबर-जानेवारीत लागण करायची, आणि एप्रिल-मेमध्ये काढणी. लागणीनंतर थंडी मिळते, कांदा पोसतो, आणि काढणीच्या वेळेला वारा कोरडा, ऊन कडक. पात पडते, मान वाळून बारीक होते, वर पत्ती, म्हणजे कोरडी साल, चढते. चाळीत कांदा टिकतो तो या वाळलेल्या मानेच्या जोरावर. हेच बियाणं ओल्या हवेत लावलं तर मान जाड राहते आणि दोन महिन्यांत चाळीत पाणी सुटतं.

देशात वर्षभरात जो कांदा निघतो त्यातला साधारण ७० टक्के रब्बीचा, म्हणजे हाच उन्हाळ कांदा. एप्रिल-मेमध्ये निघालेल्या या मालावर पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत देश कांदा खातो. मग कर्नाटकातला खरीप, राजस्थानातल्या अलवरचा लाल, आमच्याकडचा पोळ, म्हणजे खरिपाचा लाल कांदा, असा नवा माल येऊ लागतो. म्हणजे पावसाळ्यातले चार महिने लोकांच्या ताटात जो कांदा असतो तो कुणाच्या तरी चाळीतून येतो, आणि चाळीत तो टिकवायची हवा फार थोड्या मुलखांना मिळाली आहे.

२०२५ साली त्या हवेनेही दगा दिला. मे महिना जवळजवळ सगळा पावसात गेला आणि मान्सून २५ मे रोजीच राज्यात आला. आमचं पहिलं रान एप्रिलात निघालं होतं, तो माल कोरडा चाळीत गेला. नदीकडच्या रानातला कांदा मात्र काढून पातीखाली झाकलेला होता आणि त्यावर पाऊस पडला. आबांनी तो वेगळ्या कप्प्यात टाकायला लावला. चाळीत माल मिसळू नये ही त्यांची जुनी शिस्त, तीच या वर्षी कामाला आली.

चाळ फोडायची म्हणजे आधी बाजूच्या बांबूच्या पट्ट्या काढायच्या. कांदा ढासळून खाली येतो आणि त्याबरोबर वास येतो. वासावरूनच कळतं आत काय आहे. कोरड्या मालाचा वास नुसता तिखट असतो. कुठे एक कांदा जरी सडला असेल तरी त्यात एक गोडूस, जड वास मिसळतो. पहिल्या कप्प्याचा वास स्वच्छ होता. दुसऱ्यात हात घातला आणि कोपरापर्यंत चिकट झाला. खाली बसून आम्ही बायकांनी निवड केली. प्रत्येक कांदा उचलायचा, अंगठ्याने मान दाबायची. अंगठा आत गेला तर बाजूला. मोड आलेला बाजूला, काजळी धरलेला वेगळा, जोड वेगळा, गोल्टी, म्हणजे लहान कांदा, वेगळी. हात इतका सरावतो की डोळ्यांनी बघावंच लागत नाही. चांगल्या हवेतही चाळीत चार-सहा महिन्यांत तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत घट येते, काही सडून, काही मोडाने, बाकी नुसतं वजन आटून. नदीकडच्या रानाच्या मालात आमची त्याहून जास्त गेली.

मग कुठे विकायचं? आमच्या घरात दरवर्षी यावर सगळ्यात जास्त बोलणं होतं. सगळ्यात जवळ उमराणे, मुंबई-आग्रा रस्त्यावर. त्याच रस्त्यावर पुढे राहुड घाट उतरलं की चांदवड, आणि आणखी पुढे पिंपळगाव बसवंत. विंचूर-प्रकाशा रस्त्याने भावडबारी ओलांडून चांदवडवरून सरळ खाली गेलं की लासलगाव. नकाशावर या गावांत फार अंतर नाही, पण प्रत्येक बाजाराचं गिऱ्हाईक वेगळं. महामार्गावरच्या बाजारात ट्रकने माल नेणारे व्यापारी जास्त. लासलगावला मुंबईहून मनमाड-भुसावळकडे जाणारी रेल्वे बाजाराच्या जवळूनच. १८६५ मध्ये थळ घाटातून रूळ वर चढले आणि मुंबईचं बंदर या पठाराला जोडलं गेलं. गाडीला जी वाट सोपी होती ती निफाडच्या सपाट, काळ्या जमिनीवरून गेली. ती सातमाळा चढून आमच्याकडे आली नाही. बाजार रुळांच्या मागे गेला. लासलगावची बाजार समिती १९४७ साली झाली आणि पुढे सगळ्या देशाने कांद्याचा भाव तिथून विचारायला सुरुवात केली. मनमाड-भुसावळवरून रूळ उत्तरेला, बिहारला, बंगालला, आसामला फुटतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत भाव चढले तेव्हा लासलगावहून ४२ वाघिणींची गाडी सोळाशे टन कांदा घेऊन दिल्लीच्या किशनगंजला गेली. उमराण्याहून तशी गाडी सुटू शकत नाही, तिथे रूळच नाहीत.

महाराष्ट्रातही हेच वाटप दिसतं. सोलापूरच्या बाजारात हिवाळ्यात लाल कांद्याचा पूर येतो आणि तो बहुतेक हैदराबाद, बेंगळुरूकडे जातो, कारण सोलापूर त्या रुळांवर आणि त्या रस्त्यांवर बसलं आहे. लासलगाव उत्तरेकडे आणि पूर्वेकडे बघतं. दोन्हीकडे कांदाच, पण एकाकडे मागणी पडली म्हणून दुसरीकडे लगेच भाव पडतोच असं नाही.

आबांचं म्हणणं होतं, चांगला माल लासलगावला न्या, ओला उमराण्याला. "चांगल्या मालाला जास्त डोळे लागतात, खराब मालाला कमी भाडं," एवढंच ते म्हणाले. मला ते पटलं.

पहाटे तीनला ट्रॅक्टर काढला. भावडबारीच्या चढावर पुढे आणखी ट्रॉल्या होत्या, सगळ्या आमच्यासारख्याच भरलेल्या, ताडपत्री बांधलेल्या. पहिल्या गिअरवर रांगत वर जायचं आणि उतारावर जीव मुठीत धरून खाली यायचं. चांदवड ओलांडलं की डोंगर मागे राहतो आणि जमीन सपाट होते. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा दिसू लागतात. पालखेडच्या कालव्याचं पाणी इकडे आहे. आमच्याकडे चणकापूर आणि पुनदचं आवर्तन कधी येईल याकडे डोळे लावून बसतात. उजाडायला लागलं तेव्हा रस्त्याच्या कडेला कांद्याची खळी दिसायला लागली, म्हणजे व्यापाऱ्यांच्या लांबलचक शेड.

बाजारात ट्रॉल्या ओळीने लागतात. लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका ओळीतून चालत येतो, बाजार समितीचा माणूस पुढे. ट्रॉलीपाशी थांबायचं, कांद्यात हात खुपसायचा, खालून चार कांदे वर काढायचे, एक नखाने दाबून बघायचा, आणि बोली सुरू. एका ट्रॉलीपाशी मिनिटभरही कुणी थांबत नाही. चार महिन्यांचं पीक, चार महिन्यांची राखण आणि एक मिनिट. आमच्या ट्रॉलीपाशी एका वयस्क व्यापाऱ्याने कांदा हातात घेतला, वरची पत्ती चोळून पाहिली आणि विचारलं, "कुठला माल?" यांनी सांगितलं, देवळा. त्याने मान हलवली आणि बोली पन्नासने वाढवली. गाव विचारून भाव वाढवतात हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. कसमादेचा कांदा खळ्यात आणखी दोन महिने राहील, ओल्या रानातला राहणार नाही, हे त्याला माहीत होतं. आमच्या हवेची किंमत तो देत होता. १,६३० रुपये क्विंटलला सौदा झाला. शेजारच्या ट्रॉलीला पंधराशेच्या आत मिळाले होते. मागून एका शेतकऱ्याने हाक मारून अहिराणीत विचारलं, "भाऊ, कितला गया?" म्हणजे तोही आमच्याकडचाच.

सौदापट्टी घेऊन भुईकाट्यावर भरलेलं वजन करायचं, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली खाली करायची आणि रिकामं वजन करायचं. खरी धाकधूक खळ्यावर असते. माल खाली पडताना तळातला कांदा वर येतो आणि व्यापाऱ्याला तो पटला नाही तर वांधा निघतो. आमच्या पुढच्या ट्रॉलीचा वांधा निघाला होता. घेणाऱ्याने क्विंटलमागे दोनशे रुपये कापायचं म्हटलं, शेतकरी ऐकेना. बाजार समितीचा माणूस आला, दोघांसमोर ढीग फोडून बघितला आणि कपात निम्म्यावर आली. आमचा ढीग वरपासून तळापर्यंत एकसारखा पडला. चाळीत बसून केलेल्या निवडीचा दाखला तिथे मिळाला, आणि याचा मला मनापासून आनंद झाला.

खळ्यावर बायका बसून पुन्हा निवड करत होत्या. त्यांच्याशी बोलत बसले. आम्ही करतो त्याहून बारीक निवड. ५५ मिलिमीटरच्या वरचा मोठा कांदा वेगळ्या ढिगात, तो आखाती देशांना किंवा मलेशियाला जाणार. त्याहून लहान दुसऱ्या ढिगात. जाळीच्या पिशव्या भरून कंटेनरमधून न्हावा शेवाला किंवा ट्रकने बांगलादेशच्या हद्दीवर घोजाडांगाला. तिथे ट्रक पोहोचायला कितीतरी दिवस लागतात आणि हद्दीवर रांग लागली तर आणखी. म्हणून तिकडे जाणारा कांदा टिकाऊच हवा. ओला कांदा बंगालला पोहोचेपर्यंत पाणी होतो. पुन्हा गोष्ट मानेवर येते.

खळ्यावरच्या मुनीमाने सांगितलं की त्यांचं सगळं नियोजन हद्दीवर अवलंबून असतं. डोंगर, नदी एका जागी असतात, हद्दीचं तसं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं तेव्हा जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण किमान निर्यात मूल्य टनाला ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते गेलं. बांगलादेशानेही कधी आयात थांबवली, कधी उघडली. तो म्हणाला, एवढ्या वेळात आमची गिऱ्हाइकं पाकिस्तानकडे आणि चीनकडे वळली, ती परत आणायला वेळ लागेल. डिसेंबरातली ती बंदी आली तेव्हा आमच्या घरी पोळ काढायला आला होता. भाव आठवड्यात पडला. चाळीत न टिकणारा तो कांदा थांबवून धरताही आला नाही.

ओला माल दुसऱ्या दिवशी उमराण्याला गेला. त्याला १,१५० मिळाले. भाडं जवळजवळ लागलंच नाही. आबांचा हिशेब बरोबर निघाला.

राहिलेल्या चांगल्या मालातला थोडा वाशीला पाठवून बघायचा असं आम्ही ठरवलं. माझा मावसभाऊ वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितो, तो बरीच वर्षं म्हणत होता. वाशीला सुटा माल चालत नाही, गोणी भरावी लागते. पन्नास किलोच्या जाळीच्या गोण्या आणल्या, भरल्या, शिवल्या आणि ट्रकमध्ये चढवल्या. आम्ही दोघंही ट्रकमध्येच बसलो. नाशिक सोडलं, इगतपुरी आली आणि ड्रायव्हरने विचारलं, "कसाऱ्याने उतरू का समृद्धीने?" इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. तिथे जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. कसाऱ्याच्या वळणांवर पावसात, धुक्यात ट्रक तासन्‌तास अडकतात. बोगद्यातून डोंगर काही मिनिटांत मागे पडतो. पण टोल आहे. ड्रायव्हर म्हणाला, द्राक्षं, टोमॅटो असतील तर समृद्धी, कांद्याला घाट चालतो. आम्ही समृद्धीने जायला सांगितलं, कारण मला ताडपत्रीखालच्या ओलीची भीती होती. बोगद्याच्या अलीकडे हवा गार आणि पलीकडे चिकट, इतका फरक एका डोंगराने पडतो. सकाळी वाशीला गोणीत हात घातला तर वरचे कांदे घामेजले होते.

वाशीला आमच्यासारखा ट्रॉलीभोवती लिलाव नाही. गाळ्यावर माल उतरतो, नमुन्याला गोणी फोडतात, गिऱ्हाईक येतं, बघतं, बोलतं. मावसभावाने आमचं वक्कल, म्हणजे आमच्या गोण्यांची थप्पी, पुढे मांडून ठेवलं. मुंबईच्या गिऱ्हाइकाला पत्ती चमकदार हवी आणि माप एकसारखं. टिकेल किती हे कुणी विचारलं नाही. तिथला कांदा दोन-तीन दिवसांत संपतो. चाळीत मी जी गोष्ट सगळ्यात जास्त जपते तिला वाशीत किंमत नव्हती, आणि ज्या पत्तीकडे आमच्याकडे ओझरतं बघतात तिच्यावर तिथे बोली लागत होती. १९ रुपये किलोने माल गेला. ट्रकभाडं, टोल, बारदान, भराई, हमाली मिळून किलोमागे अडीच रुपये गेले. हातात साडेसोळा राहिले. लासलगावला सोळा रुपये तीस पैसे मिळाले होते आणि त्यातून ट्रॅक्टरचं डिझेल गेलं. दोघांत फरक उरला तो थोड्याच पैशांचा, आणि तो गोण्या भरायच्या आमच्या घरच्या मजुरीत विरून गेला.

आधी मला वाटायचं मुंबईत एवढा भाव, मधले लोकच खातात. काही ठिकाणी खातातही, त्याबद्दल मला शंका नाही. पण या वेळी मी पावत्या जुळवून बसले तेव्हा दिसलं की दोन बाजारांतल्या भावातला फरक जवळजवळ सगळा अंतराने आणि घाटाने खाल्ला होता. शेतकऱ्याच्या बाजूने बोलायचं तर भांडण योग्य जागी करायला हवं, असं मला आता वाटतं. चाळीला बांबूऐवजी हवा खेळती राहील अशी पक्की रचना, माल मिसळू नये म्हणून कप्पे, आणि डोंगराच्या आमच्या बाजूला रूळ. टिकवायची ताकद आमच्याकडे आहे. ती विकायची ताकद पलीकडे राहिली.

सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली. हा मार्ग मालेगाव, धुळ्यावरून जाणार आहे. मालेगावएवढं मोठं शहर आजवर रुळांवर नव्हतं. गाडी गिरणेच्या खोऱ्यात आली आणि तिथे माल भरायला नीट धक्का झाला, तर कसमादेचा कांदा भावडबारी न चढता उत्तरेला जाऊ शकेल. गाडी धावू लागली आणि धक्का झालाच नाही, तर मात्र आमच्या शिवारातून नुसती शिटी वाजवत जाईल. आमच्या गटातल्या शेतकऱ्यांनी मालेगावला कांदा भरण्याची सोय आराखड्यातच असावी असा अर्ज तयार केला आहे. त्यात कोणत्या महिन्यात किती ट्रॉल्या डोंगर ओलांडून जातात याची नोंद जोडायची आहे. ती नोंद ठेवायचं काम मी घेतलं आहे. गावातल्या चाळी कधी फुटतात, माल कुठे जातो आणि भाडं किती लागतं, हे लिहायला वही घातली आहे आणि पहिली पानं आमच्याच चाळीची आहेत.